काळं विहिरीत, पांढरं घरात

नाजुकाक्काला चांदीचा वास येतो, असं हुपरीत शेंबडी पोरंसुद्धा सांगत. वासबीस काही नाही. चांदीला कसला आलाय वास? बाईला बोटं होती, एवढंच. कारखान्याच्या जमिनीवरची चिमूटभर माती घ्यायची, अंगठा आणि तर्जनीत तीनदा चोळायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "किलोला सव्वातीन ग्रॅम." धुऊन बघावं तर सव्वातीनच.

हुपरी चांदीच्या दागिन्यांचं गाव. पैंजण कापताना, तासताना, घासताना जो भुगा उडतो तो डोळ्यांना दिसत नाही, पण जमिनीत जिरतो. दिवाळीच्या आधी कारखानदार वर्षभराचा केर आणि जमिनीचा वरचा थर खरवडून विकतात. ती माती घेऊन, धुऊन, तिच्यातली चांदी काढतात ते झारेकरी. नाजुकाक्का त्या धंद्यात लग्न होऊन आली आणि सासूच्याही पुढं गेली. नाव ठेवणाऱ्यानं नाजुका ठेवलं. जिभेची चौकशी तेवढी करायची राहिली होती.

सासूनं तिला पहिल्याच दिवशी घरचा नियम सांगितला होता: काळं विहिरीत, पांढरं घरात. मातीत कानशीचा, हत्याराचा लोखंडी चुरा असतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मातीवरून फिरवायचं, चिकटलेला काळा चुरा परसातल्या विहिरीत टाकायचा. उकिरड्यावर टाकला तर पुन्हा पुढच्या मातीत मिसळतो. मग उरलेली माती काठवटीत घेऊन पाण्याखाली हलवत राहायचं. हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं. चांदी जड. माणसाचंही तसंच असतं म्हणा, पण माणसाला काठवटीत घालता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी याच मातीच्या विक्रीला भूपालअण्णांच्या कारखान्यात पन्नास माणसं जमलेली असताना आक्काच्या मुलाच्या, आप्पासोच्या हातातून काठवट निसटली. धुतलेला नमुना फरशीवर सांडला. त्याचे हात वाऱ्यातल्या पिंपळपानासारखे कापत होते. आक्का सगळ्यांसमोर कडाडली, "सकाळीच ढोसून आलायस व्हय रे? हो बाजूला. असल्या हातानं चांदी धूत न्हाईत."

"आई, मी पीत न्हाई."

"पिणारी समदी असंच म्हणत्यात."

माणसं हसली. आप्पासो नाही हसला. त्या दिवसापासून त्यानं आपला बिछाना परसातल्या जुन्या भट्टीच्या खोलीत नेला. काठवटीला पुन्हा हात लावला नाही. लोकांत बसेनासा झाला, बोलेनासा झाला. आक्का ताट पाठवायची, तो रिकामं परत पाठवायचा. एका परसाच्या दोन टोकांना मायलेक नऊ वर्षं राहिले.

यंदा विक्रीला आठ दिवस राहिले असताना आप्पासोची मुलगी कस्तुरी पुण्याहून आली. आई लहानपणीच गेलेली. तिला आक्कानंच वाढवलं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती काय करते हे आक्काला कुणी विचारलं तर ती सांगायची, "बारीक काम करती. आमच्याच घराण्याचं." विजेवरची एसटी आवाज न करता दारात येऊन थांबली, तेव्हा आक्का ओसरीवर चुंबकाचं फडकं शिवत होती.

"आलीस? चोरासारखी आलीस. पूर्वी एसटी यायची तवा चार गावांना कळायचं."

कस्तुरीनं पिशवीतून एक बाटली काढून पुढं ठेवली. आत काळंशार पाणी.

"काजळ आणलंयस काय म्हातारीला?"

"चुंबक दे आज्जी."

आक्कानं चुंबक दिलं. कस्तुरीनं ते बाटलीला बाहेरून लावलं आणि आतलं पाणी उठून उभं राहिलं. शब्दशः उभं राहिलं. काचेपाशी त्याला काटे फुटले, साळिंदरानं अंग फुलवावं तसे, एकसारखे, टोकदार, चकचकीत. चुंबक वर सरकलं तसे काटे वर चढले. काढून घेतलं, पुन्हा गपगार पाणी.

आक्काची सुई हातात तशीच राहिली. पन्नास वर्षं तिनं लोखंडाचा चुरा पाहिला होता. पाण्यात मिसळून पाणीच झालेलं लोखंड पाहिलं नव्हतं.

"कुणाचा मंतर हाय ह्यो?"

"मंत्र नाही, माप आहे. तू केसाएवढं बारीक म्हणतेस ना? त्या केसाच्या जाडीत हे कण एका ओळीत आठ हजार बसतात. एका मीटरचे शंभर कोटी तुकडे कर, त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. हे कण दहा-दहा नॅनोमीटरचे आहेत."

"असल्या बारीकाचा उपयोग काय? चिमटीत येत न्हाई ते असून नसून सारखं."

"गुळाची ढेप पाण्यात टाकलीस तर विरघळायला किती वेळ लागतो? आणि किसून टाकलीस तर?"

"लगेच विरघळतो."

"गूळ तोच. पण जितका बारीक, तितकं त्याचं अंग उघडं पडतं. या कणांची एक ग्रॅम पूड घेतली आणि सगळ्यांच्या अंगावरची कातडी सोलून अंथरली, तर हे अंगण, ओसरी, माजघर झाकून उरेल. एवढ्या मोठ्या कातडीवर मी हात लावलेत. गंधकाचे हात. चांदी दिसली की गंधक तिला धरतं. पैंजण काळे पडतात ते कशानं? तेच. कण चांदी पकडतात आणि मी चुंबकानं कण पकडते."

कस्तुरी रंगात आली की तिला थांबवणं कठीण. एवढं लहान झालं की पदार्थ आपला स्वभावच बदलतो, ती म्हणाली. तिनं चपट्या डबीतून एक कागदी पट्टी काढली. तिच्यावर डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल ठिपका होता.

"हा रंग कशाचा सांग."

"कुंकवाचा."

"सोन्याचा. शुद्ध सोनं. बारीक करत गेलं की ते पिवळं राहात नाही, लाल होतं. आणि ते कण एकमेकांना चिकटले की निळं. आमच्या शेजारच्या खोलीत रोगट गाठीपर्यंत औषध वाहून नेणारे कण करतात. कुणी बियाण्याला लेप देतं, कुणी बॅटऱ्या, कुणी समुद्रात सांडलेलं तेल शोषणारा कापूस. तुझी ती डाग न धरणारी साडी, एसटीची धूळ न बसणारी काच, सगळं याच मापातलं."

"ती साडी मी मोलकरणीला दिली," आक्का म्हणाली. "हळद सांडली तरी धरत न्हाई, ती कसली साडी? माणसाला काही चिकटूच नये काय?"

पण नजर त्या लाल ठिपक्यावरून हलत नव्हती. जन्मभर सोन्याचांदीच्या गावात राहून सोनं मुळात असंही असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग तिला दुसरी गोष्ट कळली आणि ती ताठ झाली.

"म्हणजे हे पाणी कारखान्याकारखान्यात गेलं, की झारेकऱ्यांची गरज संपली."

कस्तुरीनं बाटली पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "भूपालअण्णांनी विक्रीच्या दिवशी दाखवायला बोलावलंय. पण त्याआधी तुझ्या परवानगीनं एकदा इथं करून बघायचंय. तू धुऊन टाकलेल्या मातीवर."

"माझ्या टाकलेल्या मातीत चांदी?" आक्का एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारचा कुत्रा उठून गेला. "बघ, बघ. गुंजभर जरी मिळाली तरी त्या दिवशी पन्नास जणांसमोर काठवट खाली ठेवीन. न्हाई मिळाली, तर ही बाटली पुण्याला न्हेऊन दौतीत वत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरीनं परसातल्या दगडी कुंडीत आक्काची टाकलेली माती घातली, पाणी घातलं, बाटली रिकामी केली आणि अर्धा तास काठीनं ढवळलं. "दुपारपर्यंत असंच राहू दे," म्हणाली आणि कोल्हापूरहून येणारी काही सामग्री घ्यायला स्टँडवर गेली. अशा दोन बाटल्यांपुरती पूड करायला तिला तीन महिने लागले होते; दुसरी बाटली तिनं विक्रीच्या दिवसासाठी राखून ठेवली होती.

तेवढ्या वेळात आक्कानं जे केलं, ते झारेकऱ्यांच्या बाईशिवाय जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं.

कुंडीपाशी आली तर मातीवर काळी साय. पोरीचं कालचं बोलणं डोक्यात होतं, हातात नव्हतं; इतका काळा चुरा बघून झारेकरणीचा हात थांबतो काय? बाळंतिणीच्या तांदळात खडा दिसावा आणि उचलू नये, तसं ते. कंबरेचं फडकं काढलं, चुंबक फिरवलं. काळी साय सरसर चिकटली. पुन्हा फिरवलं, पुन्हा चिकटली. कुंडी चांगली स्वच्छ निघाली. आक्का समाधानानं विहिरीपाशी गेली, फडकं सोडवलं आणि सगळं काळं आत झटकून दिलं. पोरीचं काम सोपं केलं, असंच तिला मनापासून वाटत होतं.

कस्तुरी परत आली, कुंडीत डोकावली आणि काठीनं तळ ढवळून बघू लागली.

"आज्जी, यातलं काळं कुठं गेलं?"

"कुठं जाणार? विहिरीत. काळं विहिरीत, पांढरं घरात."

"अगं, त्या काळ्यातच पांढरं होतं! चांदी त्या कणांनी धरली होती!"

आक्काचं तोंड उघडं राहिलं. आजवर तसं ते फक्त जांभईला राहात असे. मग ती म्हणाली, "मग हात लावू नगंस म्हणून सांगून जायचं न्हाईस? पुण्यात जिभा बारीक केल्या काय तुमच्या?"

कस्तुरीला रडू आणि हसू एकदमच आलं. "तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं. तुझं चुंबक बघून तर मला हे सुचलं होतं. तू जे फेकतेस, त्यालाच कामाला लावावं."

आक्का एकदम उठली. "चल. पडलंय तर काढू. विहीर काय समुद्र हाय?"

देवळाच्या जुन्या भोंग्यातलं भलंमोठं चुंबक माळ्यावर पडून होतं. ते दोराला बांधलं. सोडायच्या आधी कस्तुरीनं विहिरीचं पाणी बादलीत काढलं. कणांच्या हाताला चांदीऐवजी आणखी काय लागू शकतं, ते तिला बघायचं होतं. लाल ठिपक्याची एक पट्टी तिनं पाण्यात बुडवली आणि वर काढली.

ठिपका आधी जांभळा झाला, पिकल्या करवंदासारखा. मग बघता बघता निळा.

"आईगं," कस्तुरी म्हणाली. तिनं दुसरी पट्टी बुडवली. निळी. तिसरी. निळी. "आज्जी, ही पट्टी एकाच गोष्टीला भुलते. पारा. या विहिरीत पारा आहे. कुठून आला?"

नळ आल्यापासून ते पाणी कुणी पीत नव्हतं, नुसती माती धुवायला वापरत. पण आक्काला उत्तर माहीत होतं. धुऊनही जी चांदी हाताला लागत नाही, तिच्यासाठी सासऱ्याच्या काळापासूनची एक युक्ती होती. मातीत पारा चोळायचा. पारा चांदी पिऊन टाकतो; सांडलेला पारा धुण्याच्या पाण्याबरोबर विहिरीत झिरपायचा. मग तो गोळा भट्टीवर ठेवायचा, पारा धूर होऊन उडून जातो आणि खाली चांदी राहते. दहा वर्षांपूर्वी बंदी आली म्हणून थांबवलं; पाप म्हणून नव्हे.

"उडून कुठं जायचा?" कस्तुरीनं विचारलं.

"वर. आभाळात."

"पारा आभाळात नाही जात आज्जी. थंड झाला की खाली येतो. छपरावर, भिंतीत, फरशीच्या फटीत जाऊन बसतो. आणि रोज थोडा थोडा वाफ होत राहतो. दिसत नाही, वास येत नाही." तिनं पट्टी खाली ठेवली. "भट्टीवर कोण बसायचं?"

आक्कानं भट्टीच्या खोलीकडं पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. आत आप्पासो भिंतीकडं तोंड करून बसला होता, नऊ वर्षं बसतो तसा.

"सोळाव्या वर्षापासून," ती म्हणाली. "मीच बसवला होता. त्याचा हात स्थिर होता म्हणून."

पुढचं कस्तुरीनं सांगितलं, पण आक्काला ते आधीच ऐकू येत होतं. पाऱ्याच्या वाफेनं हात कापतात. झोप जाते. माणूस लाजरा होतो, लोकांत येत नाही, विचारलं तर उत्तर देत नाही. दारुड्याला जे होतं ते सगळं होतं, फक्त दारू नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासोनं लेकीच्या शब्दाखातर एका डबीत लघवी दिली. पट्टीवरचा लाल ठिपका निळा व्हायला एक मिनिटही लागलं नाही. भट्टी दहा वर्षं थंड होती, पण खोली अजून त्याच्यात पारा भरत होती.

आक्का उठली. भट्टीच्या खोलीत गेली. आप्पासोची गादी गुंडाळली, ती खाली टाकून बाहेर लाथेनं ढकलली. पेटी ओढत आणली.

"आई, काय करतीस?"

"ही जळो गादी. आजपासून तू माजघरात, माझ्या खाटंवर. ह्या खोलीला मी कुलूप घालती."

"मी हितं बरा हाय."

"तू बरा न्हाईस," आक्का म्हणाली, आणि पेटी माजघराकडं ओढत निघाली.

दुपारी तिघांनी दोर धरला. चुंबक विहिरीत गेलं. आप्पासोचा हात दोरावर कापत होता आणि तो ओशाळून हात काढून घ्यायला लागला, तशी कस्तुरी ओरडली, "सोडू नका बाबा! पाणी ढवळलं तरच कण पाऱ्याला भेटतात. तुमचा हात हलतोय तसाच हलू दे."

चुंबक वर आलं तेव्हा ते चुंबक राहिलं नव्हतं. अस्वलाच्या पंजासारखं काळं, केसाळ, ओलं काहीतरी दोराला लोंबकळत होतं. उन्हात त्याचे काटे थरथरत होते. कस्तुरीनं ते काचेच्या भांड्यात झटकून घेतलं. पुन्हा सोडलं, पुन्हा काढलं. तीन दिवस हेच. त्या कणांनी विहिरीत गेल्यावर चांदी सोडून पारा धरला होता. गंधकाला पारा चांदीहून प्यारा, कस्तुरी म्हणाली. चांदीच्या नादानं सोडलेलं पाणी विष गोळा करत होतं, कुणी न सांगता.

तिसऱ्या संध्याकाळी पट्टी बुडवली. ठिपका जांभळा झाला आणि तिथंच थांबला. विहीर अजून पुरती शुद्ध नव्हती, पण निळी नव्हती. आक्का काठावर वाकून बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती या पाण्यात काळं टाकत आली होती. आणि एवढ्याशा कणांनी, जे चिमटीत येत नाहीत, ज्यांना ती असून नसून सारखं म्हणाली होती, त्यांनी तिच्या घराण्याचं काळं उचलून वर आणलं होतं.

"ह्यानं आप्प्याच्या अंगातला पारा निघंल?" तिनं विचारलं.

"डॉक्टर आधी औषधं देतील, ती आहेत. खोली सुटली, आता बराचसा आपोआप उतरेल. हात किती थांबतील ते सांगता येत नाही. रक्तात सोडता येतील असे कण शेजारच्या खोलीत करतायत, पण त्याला वेळ आहे. खोटं नाही सांगणार तुला."

"नगं सांगू," आक्का म्हणाली. "खोटं सांगायचं काम मी केलंय. नऊ वर्षं."

विक्रीच्या दिवशी भूपालअण्णांच्या कारखान्यात पन्नासच्या वर माणसं होती. कस्तुरीचं काळं पाणी बघायला शेजारच्या गावचीही आली होती. आक्का काठवट काखोटीला मारून आली आणि तिच्या मागं, नजर जमिनीला लावून, आप्पासो. कुजबुज झाली. कुणीतरी खाकरलं.

भूपालअण्णा म्हणाले, "या आक्का. नात जिंकणार का आज्जी?"

"नात जिंकली," आक्का म्हणाली आणि सगळ्यांसमोर काठवट खाली ठेवली. "मी टाकलेलं तिनं उचललं. ह्यापुढं तुमची माती तिच्या पाण्यानं धुवा, तुमची गटारंबी. आणि ज्याच्या ज्याच्या घरी पाऱ्याची जुनी भट्टी हाय, त्यानं आपल्या विहिरीत तिची पट्टी बुडवून बघा. लाज वाटत असंल तर रात्री बुडवा, पण बुडवा."

कोपऱ्यातल्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आक्का थांबली नाही. ज्या आवाजात नऊ वर्षांपूर्वी बोलली होती, तोच आवाज तिनं लावला, कारण त्याहून हळू बोललेलं पोचलं नसतं.

"आणि दुसरं. ह्याच जागी मी माझ्या लेकाला दारुडा म्हणाले. तुमी हसलासा. माझ्या आप्प्यानं दारूचा थेंब कधी घेतला न्हाई. त्याला पारा पाजला. मी पाजला. आता हसा कुणाला हसायचं ते."

कुणी हसलं नाही. बाहेर पॉलिशचं यंत्र चालू होतं, तेसुद्धा कुणीतरी बंद केलं.

आक्का वाकली. खरवडलेल्या मातीच्या ढिगातून तिनं चिमूट उचलली. लोक वाट बघत राहिले. आता तीनदा चोळणार, डोळे मिटणार. पण तिनं ती माती आप्पासोच्या तळहातावर ठेवली.

"सांग."

"आई, माझं हात—"

"मी हाताला विचारलं न्हाई. बोटांना विचारतीय. सांग."

आप्पासोनं अंगठा आणि तर्जनी जुळवली. हात कापत होता, माती थोडी सांडत होती. एकदा चोळली. दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले, आणि आक्कानंही मिटले, कारण तेवढ्यात तिला स्वतःचा अंदाज ठरवायचा होता. चार ग्रॅमला थोडं कमी, तिचं मन म्हणालं.

"पावणेचार," आप्पासो म्हणाला. नऊ वर्षांत चारचौघांत सांगितलेला त्याचा तो पहिला आकडा.

कस्तुरीनं किलोभर माती मोजून घेतली, बाटली ओतली, ढवळली, चुंबक लावलं. काळे काटे उठले, तशी माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली. तासाभरानं तिनं कणांकडून चांदी सोडवून घेतली आणि वजनकाट्यावर ठेवली. सगळे आकड्याकडं बघत होते.

आक्का बघत नव्हती. ती आप्पासोच्या बोटांवरची माती पदरानं पुसत होती.